मुंगूस, एक नग

चाकणच्या आमच्या कंपनीत स्टोअरच्या दाराशी एक काळा फळा होता. दर महिन्याच्या एक तारखेला सोनवणेकाका त्याच्यावर खडूनं लिहीत, 'बाहेर गेलेला माल. बाकी : निल.' अक्षर असं, की शाळेतला सुविचार वाटावा. त्या फळ्याकडे त्यांच्याशिवाय कुणी बघत नसे. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मीही बघितलं नाही.

मी तिथं लागले तेव्हा छत्तीस वर्षांची होते. मुलं शाळेत रुळली, दुपारचं घर खायला उठायला लागलं, म्हणून नोकरी धरली. काम साधं होतं. स्टोअरच्या रजिस्टरांमधलं सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं. स्टोअर म्हणजे काय, हे सोनवणेकाकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "वर्षाताई, कारखान्यात येतं ते सगळेच बघतात. जातं ते फक्त आपण बघायचं."

जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला गेटपास लागतो आणि तो दोन प्रकारचा असतो. भोसरीला मोटार रिवाइंडिंगला निघाली, की रिटर्नेबल. ती परत यायलाच हवी. लोखंडाचा चुरा भंगारात गेला, की नॉन-रिटर्नेबल. त्याला कायमचा रामराम. काकांचा सगळा जीव पहिल्या प्रकारात. दुरुस्तीला गेलेलं मोजमापाचं एखादं गेज ठरल्या दिवशी आलं नाही, की त्यांचा जेवणाचा डबा अर्धा तसाच परत जायचा. पण फोनवर आवाज चढवणं नाही. "आमचं एक माणूस तुमच्याकडं आलंय. कधी पाठवताय?" असं विचारायचे. पलीकडचा बिचारा पहिल्यांदा गडबडूनच जायचा.

आणखी एक नियम होता. परत आलेला माल ते केवळ आपल्या सहीवर कधी आत घेत नसत. आधी आणणाऱ्यानं सही करायची, त्याखाली यांनी. एखादा घाईतला ड्रायव्हर कुरकुरला की म्हणत, "आलं असंही मीच म्हणायचं, मिळालं असंही मीच लिहायचं? असं कुठं असतं का राव?"

उंच, किडकिडीत माणूस. खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं, चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावरच जास्त. वडील जालन्याकडून आलेले, पिंपरीच्या एका कारखान्यात हमाल. काका चिंचवड स्टेशनजवळच्या वसाहतीत वाढले, दहावी होऊन हेल्पर म्हणून लागले आणि एकतीस वर्षांत या स्टोअरचे मालकच होऊन बसले. मालक कंपनीच्या कागदावर दुसरेच होते, तो भाग वेगळा.

तर माझी चूक सांगते. रिटर्नेबलची रजिस्टरं सात होती, असं मला सांगितलं होतं. कपाटात निघाली आठ. सगळ्यांना तीच हिरवी कापडी बांधणी, आत तेच रकाने, अक्षरही काकांचंच. काका दोन दिवस रजेवर होते. मी आठवं रजिस्टरही चढवून टाकलं. खाट एक नग, गोणी एक नग, टाकी एक नग, लाख एक नग. स्टोअरमध्ये असल्याच वस्तू असतात, मला शंका यायचं कारणच नव्हतं. पार्टीच्या रकान्यात 'इंग्लंड' लिहिलेलं होतं. चाकणला वर्कशॉपांची नावं कसलीही असतात, मी कशाला थांबते! 'मुंगूस, एक नग' याला मात्र हात जरा अडखळला. मग म्हटलं, आपल्याकडे मेंटेनन्सवाले उचलायच्या तिवईला घोडा म्हणतात, पकडीला कुत्रा म्हणतात. असेल त्यातलंच एखादं. मुंगूसही चढवला.

एक तारखेला कॉम्प्युटरनं यादी काढली. काकांच्या नावावर बाकी : तेवीस.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि यादी सावकाश वाचली. मी घाबरून उभी. सॉफ्टवेअर असं होतं, की चढवलेलं खोडता येत नव्हतं. एक तर 'माल मिळाला' करायचं, नाहीतर 'नॉन-रिटर्नेबल'. मी म्हटलं, "काका, चुकलं माझं. सगळं नॉन-रिटर्नेबल करून टाकू?"

"नको," ते म्हणाले.  मग फळ्यापाशी गेले, 'निल' पुसलं आणि तेवीस लिहिलं.

खुलासा झाला तो दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये. मोशीच्या पुढं बस रोज अडकायची. खाली इंद्रायणीवर धुकं असायचं, आत निम्मे लोक झोपलेले. काका खिडकीबाहेर बघत हळू आवाजात सांगत होते. ते नवीन लागले तेव्हा गेटपास इंग्रजीत लिहावा लागे आणि इंग्रजी म्हटलं की यांचा हात कापायचा. एकदा रद्दीच्या गठ्ठ्यात पुठ्ठा गेलेली एक जाडी डिक्शनरी निघाली. "उघडली, तर कॉट हा शब्द. त्याच्यापुढं बारीक अक्षरात लिहिलेलं, हा हिंदीतून आला, त्याच्या आधी संस्कृतातून. म्हणजे आपली खाट हो! ताई, मी त्या रद्दीवरच बसलो. ज्या घराच्या दारात उभं राहायला आपण भितो, त्या घरात आपली खाट टाकलेली हाय. मग भ्यायचं कशाला?"

त्या दिवसापासून त्यांनी आठवं रजिस्टर घातलं. इकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचं. प्रत्येकाला रिटर्नेबल गेटपास. शब्द इंग्रजी वेष घालून पुन्हा इथल्या माणसांच्या तोंडी आला, की तो परत आला असं धरायचं. खाट गेली, कॉट होऊन आली. मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं कापड गेलं, डांगरी होऊन कामगाराच्या अंगावर आलं. पण 'माल आणणाऱ्याची सही' हा रकाना सगळीकडे कोरा होता. आणणाऱ्यांना सह्या मागायच्या कशा? लोक वेडा म्हणतील. आणि स्वतःच्या सहीवर आत घेणं त्यांना मंजूर नव्हतं. म्हणून इतकी वर्षं तेवीसच्या तेवीस शब्द वाटेवरच होते.

पुढचे दोन-तीन महिने मला स्वप्नासारखे आठवतात. दुपारी जेवण झालं की स्टोअरमध्ये कुणी फिरकत नसे. छपरातल्या पारदर्शक पत्र्यांतून उजेडाचे पट्टे रॅकवर उतरायचे, त्यांत धूळ तरंगायची, तेलाचा वास यायचा, आणि पलीकडच्या शेडमधला प्रेस लांबून ठोके टाकत असायचा. काका बिनसाखरेचा चहा पीत शब्दांचे प्रवास सांगायचे. शर्करा इथून निघाली, इराणात शकर झाली, अरबांकडं सुक्कर, आणि बंदरं बदलत बदलत इंग्लंडात शुगर. "परत कशी आली बघा, रोग होऊन. मला शुगर हाय." रजिस्टरात तिच्यापुढं शेरा होता, 'स्थिती : खराब.' नारिंग असंच अरबांच्या गलबतात बसून गेलं. "त्याचा पहिला न कुठंतरी पाण्यात पडला. ऑरेंज तेवढं पोचलं."

ऐकता ऐकता मला रॅकवरच्या खोक्यांच्या जागी गलबतं दिसायला लागायची. घरी जाऊन भाजी फोडणीला टाकताना आलं हातात घेतलं, तरी वाटायचं, हेही शृंगवेर म्हणून निघून, कुठल्या कुठल्या गावांना जाऊन जिंजर झालंय. नवरा म्हणायचा, हिला स्टोअरमध्ये काय पाजतात कोण जाणे.

पण काका उगाच सगळं आपलं म्हणणाऱ्यांतले नव्हते. मी एकदा चिडवलं, "आता मॅगझिनही आपलंच म्हणा!" तर गंभीरपणे म्हणाले, "ते अरबांचं. त्यांच्यात त्याचा अर्थ गोदाम. आणि आपण मालावर 'चेक्ड' म्हणून शिक्का मारतो ना, ते चेक इराणच्या शहाचं. बुद्धिबळातल्या राजाचं. दुसऱ्याचा माल नुसता बघायचा, आपल्या रजिस्टरात न्हाई घ्यायचा." टाकीपुढं तर त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं होतं, 'टँक. पोर्तुगीजांचाही दावा. वाद चालू.'

सगळ्यात लाडका मुंगूस. "बाकीचे कुणी हिंदीतून, कुणी फारशीतून. हा पठ्ठ्या थेट मराठीतून गेला."

आणि तेवढ्यात ऑडिट आलं. आम्ही ज्यांना माल पुरवायचो त्यांचे जपानी अधिकारी येणार होते. काकांच्या निवृत्तीला तीन आठवडे राहिलेले. प्लँटचे नाईकसाहेब यादी हातात घेऊन स्टोअरमध्ये आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत जन्मलेला. "सोनवणे, हा काय पोरखेळ? एक बटण दाबा. नॉन-रिटर्नेबल. विषय संपला."

"साहेब, नॉन-रिटर्नेबल म्हणजे आपण त्याच्यावरचा हक्क सोडला."

"अहो, एकतीस वर्षांत तुमच्या फाइलवर डाग नाही. जाता जाता शेरा लावून घेणार? मुंगसासाठी?"

"येऊ द्या शेरा," काका म्हणाले. आवाज शांत होता. पण पेनाचं टोपण त्यांनी दोनदा लावलं, दोनदा काढलं, ते मी बघितलं. त्या माणसाकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, फळ्यावरचं ते 'निल'. आणि ते माझ्यामुळे गेलं होतं. साहेब गेल्यावर मी म्हटलं, "मी सांगते त्यांना, चूक माझी आहे." तर मलाच म्हणाले, "ताई, तुम्ही चढवलं ते बरंच केलं. वहीत होतं तोवर ते माझं वेड होतं. आता कंपनीची बाकी झाली. बाकी मिटवायची तर माल शोधावा लागणार."

ऑडिटला आलेले मोरीसान साठीचे, लहानखुरे, पांढऱ्या केसांचे. बरोबर पुण्याची दुभाषी मुलगी, केतकी. मोरीसाननी यादीवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. केतकी अवघडून म्हणाली, "ते विचारतायत, ही खाट कुठे आहे?"

नाईकसाहेबांनी डोळे मिटले. काकांनी आठवं रजिस्टर काखेत घेतलं. "चला, दाखवतो."

अशी वरात त्या कारखान्यात पुन्हा निघणार नाही. पुढं काका, मागं मोरीसान, जमेल तसं समजावत जाणारी केतकी, कपाळ पुसणारे नाईकसाहेब आणि शेवटी मी. प्रथमोपचाराच्या खोलीत काकांनी सिस्टरला विचारलं, "हे काय हाय?" ती म्हणाली, "कॉट." "करा सही." शॉपमध्ये गणपत भेटला, चाकणजवळच्याच गावचा. "गणपत, अंगात काय घातलंय?" गणपत दचकून स्वतःकडे बघायला लागला. "डांगरी हाय की काका! फाटली का काय मागनं?" "फाटली न्हाई. परत आलीय. कर सही." भंगाराच्या यार्डात गनी बॅग मिळाली, गच्चीवर टँक, रंगकामाच्या बूथमध्ये लॅकर. जिथं जो शब्द ज्याच्या तोंडी, त्याची सही.

शुगरपाशी सगळे थांबले. काकांना स्वतःला सही करता येईना. त्यांनी हळूच मान वळवली. "साहेब, तुम्हालाही शुगर हाय ना?" नाईकसाहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि मुकाट्यानं सही केली. सही करताना ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते.

स्टोअरमध्ये परत आलो तेव्हा दोनच नग राहिले होते. पहिला, ध्यान.

काकांनी केतकीला सांगितलं, "यांना म्हणावं, आमच्या विहारात पालीत याला झान म्हणतात. इकडून भिक्खू घेऊन गेले, ते चीनपर्यंत मला माहीत हाय. पुढचं यांना ठाऊक असंल." केतकीनं सांगितलं. मोरीसाननी खिशातलं पेन उघडलं. मग त्यांनी यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक अक्षर काढलं आणि सावकाश म्हणाले, "झान. चान. झेन."

काकांनी स्टूल पुढं सरकवलं. चहा आला. दोघे म्हातारे त्या उजेडाच्या पट्ट्यांत समोरासमोर बसले आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. केतकीलाही काही सांगावं लागलं नाही.  मग मोरीसाननी स्वतःच रजिस्टर ओढलं आणि आणणाऱ्याच्या रकान्यात सही केली. खाली काकांनी शेरा लिहिला, 'इंग्लंडला जपानमार्गे गेला. स्थिती : उत्तम.'

शेवटचं बोट मुंगसावर आलं.

"तो न्हाई आला अजून," काका म्हणाले. "इथं सगळे मुंगूसच म्हणतात. इंग्रजी नाव घेऊन कुणाच्या तोंडी आलेला मी ऐकला न्हाई. खोटी सही मी घेणार न्हाई."

मोरीसाननी गंभीरपणे मान डोलावली आणि अहवालात लिहिलं, 'एक नग बाकी. शोध चालू.'

बाकी म्हणजे बाकी. निवृत्तीच्या दिवशी नाईकसाहेबांनी पुन्हा एकदा गळ घातली, "तेवढा मुंगूस सोडा हो सोनवणे." काकांनी नुसती मान हलवली. शेवटच्या कागदावर त्यांच्या नावापुढं 'बाकी : १' असा शेरा पडला. हार घालून झाला, भाषणं झाली. मग काका फळ्यापाशी गेले आणि त्यांनी तोच शेरा आपल्या सुविचारी अक्षरात लिहिला. आठवं रजिस्टर ते घरी नेणार होते. गेटवर पास लागतो, तो मी लिहायला घेतला.

"रिटर्नेबल लिहा," ते म्हणाले. "वही कंपनीची हाय."

"परतीची तारीख?"

"मुंगूस सापडला की."

मी हसले, पण मला ते लागलं. एकतीस वर्षांत ज्याची एक किल्लीसुद्धा बाहेर राहिली नाही, तो माणूस माझ्या एका चुकीपायी बाकी घेऊन घरी चालला होता.

पुढं ते मारुंजीला मुलाकडे राहायला गेले. मुलगा मिलिंद हिंजवडीत कामाला. सणावाराला फोन व्हायचा. फोनवर पहिला प्रश्न माझा ठरलेला, "सापडला का?" आणि उत्तरही ठरलेलं, "शोध चालू हाय." सॉफ्टवेअर दर महिन्याला मला आठवण पाठवायचं : मुंगूस, एक नग, रजिस्टर, एक नग, पार्टी, सोनवणे. नाईकसाहेबांच्या जागी आलेले नवे साहेब म्हणायचे, ताई, उडवा ते. मी कधी सुट्टीचं, कधी सर्व्हरचं निमित्त सांगून टाळत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. मला कळायला चार दिवस लागले, शेवटचं बघणंही झालं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

महिन्याभरानं गेटवरून फोन आला, कुणी सोनवणे आलेत. मिलिंद होता. काखेत ते हिरवं रजिस्टर, बोटाशी सात वर्षांची मुलगी. "बाबांनी आजारपणात सांगून ठेवलं होतं, हे परत द्यायचंय म्हणून. बरं वाटलं की स्वतःच येणार होते ते." रजिस्टरच्या पहिल्या पानाला मी लिहिलेला गेटपास टाचलेला होता.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मैत्री तिचं नाव, इंग्रजी शाळेत जाते. तिथल्याच इंग्रजी उच्चारात म्हणाली, "मंगूस मी दाखवला आजोबांना."

"कुठं गं?"

"आमच्या बिल्डिंगच्या मागे शेत आहे ना, तिथे भिंतीवर. मी म्हटलं, आजोबा, मंगूस! तर ते म्हणाले, काय म्हणालीस? परत बोल. मी म्हटलं, मंगूस! मग ते पळाले."

"पळाले?"

"वही आणायला. चप्पल पण नाही घातली. येईपर्यंत मंगूस गेला. मी म्हटलं, आजोबा, गेला तो. ते म्हणाले, जाऊ दे, आला होता ना! आणि माझी सही घेतली."

मी शेवटचं पान उघडलं. अक्षर थोडं हललेलं, पण तेच. 'मुंगूस, एक नग. मिळाला. ठिकाण : मारुंजी, कंपाउंडची भिंत. स्थिती : शेपूट झुबकेदार, घाईत.' आणणाऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात 'मैत्री'. त्याखाली काकांची सही.

कॉम्प्युटरवर मी दोन्ही नग 'माल मिळाला' केले. यादी रिकामी झाली. मग खडू शोधून बाहेर फळ्यापाशी गेले. हल्ली सगळं स्क्रीनवर दिसतं, त्यामुळे त्या फळ्याला काकांनंतर कुणी हात लावला नव्हता. 'बाहेर गेलेला माल. बाकी : १.' त्यांच्या हातचं एवढंच तिथं राहिलं होतं आणि तो एकचा आकडा पुसणं माझ्या जिवावर आलं. पण त्यांनी तो राहू दिला नसता. मी ओढणीच्या टोकानं तेवढा एकच पुसला आणि त्यांच्या 'बाकी'पुढं, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात, लिहिलं : निल.